आडवा माड

अठ्ठावीस वर्षं मी त्या माडाकडे मान वर करून बघत आले. त्याच्या शेंड्याशी पहिल्यांदा उभी राहिले ती ३ जून २०२० च्या संध्याकाळी, तो जमिनीवर आडवा झाल्यावर.

निसर्ग वादळ त्या बुधवारी दुपारी आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा होता हे मागाहून कळलं. आत बसलेल्याला आकडा कळत नाही, आवाज कळतो. आम्ही चौघं माजघरात एका भिंतीला टेकून बसलो होतो. आई (म्हणजे माझ्या सासूबाई), हे, मी आणि टाळेबंदीमुळे पुण्याहून घरी येऊन राहिलेली लेक. पोफळी मोडत होत्या त्या बार काढल्यासारख्या, एकामागून एक. माड तसे मोडत नव्हते. माड पडताना आधी पायाखालची जमीन हलायची आणि मग धप्प असा आवाज यायचा. आई डोळे मिटून बसल्या होत्या आणि प्रत्येक धप्पनंतर एक बोट दुमडत होत्या. मला वाटलं जप चाललाय. त्या माड मोजत होत्या.

चारच्या सुमाराला वारा उतरला. मागचं दार उघडलं तर समोर समुद्र. वाडीत इतकी दाटी असायची की भर उन्हाळ्यातही दुपारी अंगावर कवडसे पडायचे तेवढंच ऊन. आमच्या मागच्या दारातून समुद्र दिसू शकतो हे मला माहीतच नव्हतं. सहाशेच्या वर पोफळी होत्या, त्यातल्या शंभरएक उभ्या होत्या. बेचाळीस माडांपैकी सतरा आडवे. आईंची बोटं तेरावर थांबली होती.

त्या सतरांमध्ये विहिरीवरचा माड होता. तो आईंनी १९६६ साली लावलेला, ह्यांचा जन्म झाला त्या पावसाळ्यात. आई त्याच्याजवळ गेल्या, बुंध्यावर तळहात ठेवून जरा वेळ उभ्या राहिल्या. मग मागे न वळता म्हणाल्या, "आधी शहाळी उचला गं. उद्या प्यायला लागतील."

खरंच लागली. विहिरीत झावळ्या आणि कौलांचे तुकडे पडले होते, वीज गेली ती आमच्याकडे सव्वा महिन्याने आली, पंप बंद. पहिले चार दिवस आम्ही आणि शेजारची दोन घरं मिळून शहाळ्याच्या पाण्यावर होतो. चहासुद्धा त्याचाच करून बघितला. चांगला लागत नाही.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. शहाळी तोडायला म्हणून मी विहिरीवरच्या माडाच्या शेंड्याशी गेले आणि कोयता हातात तसाच राहिला. खालून बघताना माडाचा शेंडा म्हणजे झावळ्यांची गर्दी आणि मधे लटकलेले नारळ, एवढंच दिसतं. जवळून तो नीट लावून ठेवलेला दिसतो. अगदी आत, कोवळ्या पानांच्या बगलेत, एक न उमललेली पोय (माडाचा फुलोरा) होती, म्यानात तलवार असावी तशी टोकदार. तिच्या खालची पोय फुटलेली होती. फिकट पिवळ्या काड्या, काड्यांना तांदळासारखी नरफुलं चिकटलेली, आणि काडीच्या बुडाशी एखादंच मादीफूल, लहान गोट्यासारखं. त्याखालच्या पेंडीत बोंडं होती सुपारीएवढी. त्याखाली मुठीएवढी. मग हिरवीगार शहाळी, मग अडसर, म्हणजे अर्धवट तयार नारळ, आणि सगळ्यात खाली, खोडाला लागून, पिवळट-तपकिरी झालेले तयार नारळ.

माडाला साधारण महिन्याला एक झावळी येते आणि झावळीच्या बगलेत एक पोय. पोय फुटल्यापासून नारळ तयार व्हायला वर्ष लागतं. हे मी शंभरदा ऐकलेलं होतं. पण त्या दिवशी मी शेंड्यापासून खाली एकेक पाऊल सरकत गेले आणि जून, मे, एप्रिल, मार्च असं करत मागच्या जूनपर्यंत पोचले. एका माडावर एका वेळी बारा महिने टांगलेले असतात. तो पडतो तेव्हा झाड पडतंच, शिवाय पुढच्या वर्षाचा एकेक महिना त्याच्याबरोबर खाली येतो. आंबा पडला तर त्या हंगामाचं जातं. माडाला हंगामच नाही, त्यामुळे गेलं तर सगळंच जातं.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, कोरेगावकडचं. आमच्याकडे नारळापेक्षा खोबरं जास्त ओळखीचं. खोबरं म्हणजे वाण्याकडून आणलेली वाटी, मसाल्यात भाजून घालायची, काळ्या वाटणात, चटणीत. दरवर्षी जेजुरीला जायचो, तिथे भंडाऱ्याबरोबर खोबऱ्याचे तुकडे उधळायचे आणि पायऱ्यांवरून वेचून खायचे. ते पिवळं झालेलं, हळदीच्या चवीचं खोबरं हीच माझी लहानपणची नारळाची चव. नारळ असायचा तो देवापुढे, किंवा ओटीत, किंवा लग्नात नवऱ्या मुलाच्या हातात. म्हणजे पाहुणा म्हणून यायचा. घाटावर वापरतात ते गोटा खोबरं बरंचसं कर्नाटकातून, तिपटूरच्या बाजारातून येतं, हेही मला इथे येऊन कळलं.

१९९२ साली लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच आठवड्यात आईंनी विळी पुढे सरकवली. "चार नारळ खवून ठेव." चार! माहेरी चार नारळ वर्षाला लागत. मी खवत गेले आणि करवंटीपर्यंत पोचले, तपकिरी पाठ खोबऱ्यात उतरली. आई काही बोलल्या नाहीत. ते खोबरं बाजूला काढून त्यांनी चटणीला वापरलं आणि सोलकढीसाठी दुसरे दोन नारळ स्वतः खवले, पांढरं तेवढंच. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या हाताकडे बघत बसले. त्या वाटी फिरवत राहतात, एका जागी दोनदा दात लावत नाहीत. मला ते जमायला सहा महिने लागले.

आईंचा हिशोब असा की नारळ हा एक पदार्थ नाही, वयाप्रमाणे वेगळा आहे. शहाळ्यातली मलई आजाऱ्याला आणि लहान मुलांना. अडसर पोह्यांवर आणि खोबऱ्याच्या वड्यांना, कारण त्याचं खोबरं मऊ पण पाणीदार नाही. मोदकाच्या सारणाला तयार पण ताजा नारळ, महिनाभर पडून राहिलेला नको, नाहीतर सारण कोरडं पडतं. रस काढायचा तर मात्र पूर्ण जून, घट्ट खोबऱ्याचा. आणि तेलाला त्याहून जुना. नारळ कानाशी धरून हलवायचा. पाणी भरलेलं असेल तर आवाज येत नाही, ते अजून कोवळं. पाणी खुळखुळलं की तयार. काहीच वाजलं नाही आणि हाताला हलका लागला तर पाणी सुकलंय, तो गोट्याच्या वाटेला लागला. मी अजून कधीकधी चुकते. आई नारळ उचलतानाच सांगतात.

वादळानंतरच्या त्या महिन्यात मला पहिल्यांदा कळलं की घरातल्या किती वस्तूंची नावं मी नुसती वापरत होते. कौलं गेली होती, पत्रे आणि ताडपत्री मिळत नव्हती, पाऊस डोक्यावर. आईंनी पडलेल्या झावळ्या मधोमध चिरायला सांगितल्या आणि ओटीवर बसून झाप विणायला घेतले. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. एक पात खालून, एक वरून, दुमडून मागे. मला आणि लेकीला शिकवलं. माझा पहिला झाप वाकडा झाला तरी तोही स्वयंपाकघरावर चढला. गोठ्यावर आणि स्वयंपाकघराच्या अर्ध्या भागावर झापांचं छप्पर गणपतीपर्यंत होतं. मोठ्या पावसात ठिबकायचं. पण वारा आला की झाप नुसता उचलून पुन्हा बसतो, कौलासारखा अंगावर येत नाही.

बांधायला सुंभ. सुंभ म्हणजे काथ्याचा दोर, हे शाळेत म्हणीतून माहीत होतं. डासांना धूर करायला आम्ही सोडणं (नारळाची वरची जाड सालं) जाळत होतो, त्यात एका रात्री जुन्या सुंभाचा तुकडा गेला. सकाळी राख काढताना बघितलं तर तो पूर्ण जळून पांढरा झाला होता आणि तरी वळ तसाच, एकेक पेड दिसत होता. हात लावल्यावर विस्कटला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हे मी माणसांबद्दलच ऐकलेलं. लेकीला बोलावून दाखवलं.

काथ्याकूटही तसाच शब्द. आईंच्या माहेरी, हरिहरेश्वराच्या बाजूला, त्यांच्या लहानपणी सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने पुरून ठेवत, कुजली की काढून बडवत, आणि मग तंतू सुटत. दिवसभर कुटायचं आणि हातात यायचा तो मूठभर काथ्या. त्यावरून हा शब्द निष्फळ चर्चेला लागला असेल, पण कुटणाऱ्या बायकांचं त्यावर घर चालायचं, असं आई नेहमी सांगतात. त्या हा शब्द तशा अर्थाने कधी वापरत नाहीत.

काथ्याची खरी ताकद खाऱ्या पाण्यात. तागासारखे दोर समुद्रात लवकर कुजतात, काथ्या टिकतो. पूर्वी अरबी समुद्रातली गलबतं खिळे न मारता काथ्याच्या दोराने फळ्या शिवून बांधत. ह्यांना गलबतांचं फार वेड आहे, त्यामुळे नौदलाने अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रावरून तसं शिवलेलं जहाज गोव्यात बांधून घेतलं, ती बातमी घरात कितीतरी दिवस चालली होती. २०२५ साली कारवारला ते नौदलात दाखल झालं, 'कौंडिण्य' नावाने. नंतर पोरबंदरहून मस्कतपर्यंत शिडांवर गेलं. ह्यांनी बातमी वाचून दाखवली तेव्हा आईंनी एकच विचारलं, "काथ्या कुठला वापरला?"

करवंटीचं थोडक्यात सांगते. बंब त्यावर पेटतो, तिचे कोळसे कडक आणि बराच वेळ धगतात म्हणून लेकीच्या वेळी बाळंतपणात शेकशेगडीला आईंनी वर्षभर साठवून ठेवलेल्या करवंट्याच वापरल्या. सोलकढी ढवळायला आमच्याकडे करवंटीचीच पळी आहे, दांडा बांबूचा. हिरांचा खराटा तर सगळ्यांनाच माहीत आहे. झावळीची पातं काढून हीर सोलत बसणं हे आमच्याकडे पावसाळ्यातलं दुपारचं काम, हातांना आणि गप्पांना दोन्हीला.

आता गाभ्याचं. माडाला फांद्या नाहीत. वाढणारा कोंब एकच, शेंड्यात, आणि तो गेला की माड गेला. माड वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने गवत-बांबूंच्या बाजूचा, एकदल. खोडाला साल नाही, वर्षाची वर्तुळं नाहीत, जखम भरून येत नाही. गोव्यात २०१६ साली माड कायद्याच्या व्याख्येतल्या झाडांतून वगळला होता, लोक चिडले, आणि २०१७ मध्ये तो पुन्हा झाड ठरला. मला दोन्ही बाजू कळतात असं नाही. ज्याच्याखाली चार पिढ्या बसल्या ते झाड. पण त्याला आंब्यासारखं छाटून पुन्हा फुटवता येत नाही, म्हणून खरं तर जास्तच जपायला हवं.

तर तो कोंब ज्यात असतो तो शेंड्याचा गाभा खाता येतो. जिवंत माडाचा आमच्याकडे कोणी खात नाही, कारण तो काढणं म्हणजे माड मारणं. तिसऱ्या दिवशी ह्यांनी विहिरीवरच्या माडाचा शेंडा कोयत्याने सोलत नेला. एकेक झावळीचं रुंद बूड निघत गेलं, मग जाळीसारखं तपकिरी कापड, त्याला आम्ही लहान मुलांना गाळणी म्हणून दाखवतो, आणि आत मनगटाहून जाड पांढरा दांडा, हस्तिदंतासारखा. कच्चा खाल्ला तर कोवळं खोबरं आणि काकडी यांच्या मधलं काहीतरी. करकरीत आणि गोडसर. त्याचे पदर सुटे होतात आणि प्रत्येक पदर म्हणजे एक न झालेली झावळी, घडी घातलेल्या पंख्यासारखी. मी मोजायला लागले होते, मग थांबले. आईंनी तळहातावर एक तुकडा घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला. भाजी केली होती ती आम्ही खाल्ली, त्यांनी घेतली नाही.

तयार नारळ सतरा माडांचे मिळून साडेतीनशेच्या आसपास निघाले. गावात सगळ्यांकडेच नारळ पडलेले, गाड्या बंद, विकायचे कुठे? बोंडं आणि मुठीएवढी कोवळी फळं खतात गेली, त्याला इलाज नव्हता. तयार नारळांचं आईंनी तेल काढायचं ठरवलं. आवेल तेल, म्हणजे घाण्याचं नाही, ओल्या खोबऱ्याच्या रसातून चुलीवर काढायचं. मिक्सर बंद होता, म्हणून पाटा-वरवंटा. मी खवायची, लेक वाटायची, आई रस पिळायच्या, पंचाच्या चौकोनी तुकड्यातून, कोमट पाणी घालून तीनदा. रात्रभर रस तसाच ठेवायचा. सकाळी वर दाट साय धरते, ती अलगद काढून पितळी पातेल्यात मंद आचेवर.

पहिला तास काहीच होत नाही, नुसतं दूध उकळत राहतं. मग साय फुटते, पांढरे कण तळाशी बसायला लागतात आणि कडेने चकाकी दिसते. आई म्हणतात कान दे. पाणी आहे तोवर पातेलं बोलतं, तडतड, बुडबुड. हळूहळू ते बोलणं कमी होतं. कण बदामी होतात. आणि एका क्षणी पातेलं गप्प होतं. तेव्हाच उतरवायचं, मोजून दहा श्वास उशीर झाला तरी तेलाला करपट वास लागतो. एकदा मी उशीर केला, ते तेल वर्षभर दिव्याला वापरलं. नीट जमलेल्या तेलाचा वास घरभर दोन दिवस राहतो, भाजलेल्या खोबऱ्याचा पण तिखट नाही, ओल्या मातीत मिसळल्यासारखा. आमच्या हाताला बारा-तेरा नारळांमागे एक लिटर पडलं. खाली उरलेल्या बेरीत गूळ घालून लेक चमच्याने खात होती. तीन आठवडे आम्ही हेच करत होतो. तेल पुण्या-मुंबईच्या नातलगांना गेलं, आणि ज्यांचं छप्पर आमच्यापेक्षा जास्त गेलं होतं त्या दोन घरांना.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला होती. जीवना बंदरातली कोळी मंडळी दरवर्षी आमच्याकडून नारळ नेतात. त्यांच्या होड्यांचंही नुकसान झालं होतं, समूहाने जायला बंदी होती. तरी एक काका आले, पाच नारळ मागितले. आईंनी विहिरीवरच्या माडाचे पाच काढून ठेवले होते, शेंडीसकट, आणि पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेले. नारळ सोडला की तो बुडत नाही, हलतडुलत लाटेबरोबर मागे येतो, पुन्हा जातो. सोडणाच्या आत हवा असते म्हणून तो तरंगतो, समुद्रावरून लांब लांब जाऊन किनाऱ्याला रुजतो. नारळाला इतकं जाड सोडण समुद्रासाठीच आहे, असं त्या दिवशी त्याच्याकडे बघताना वाटलं.

एक चूक आमची झाली ती सांगायला हवी, कारण वाडीवाल्यांनी ती टाळता येण्यासारखी आहे. पडलेली खोडं उचलायला माणसं नव्हती, क्रेन नव्हती. बाहेरून खोड लोखंडासारखं कडक, करवतीचे दात जातात, आणि आतून भुसभुशीत. दोन खोडं पाटावर साकव म्हणून टाकली, काही गोठ्याला खांब झाली. बाकीची दहा-बारा आम्ही वाडीच्या कोपऱ्यात रचून ठेवली, बघू पुढे म्हणून. कुजणारं माडाचं खोड म्हणजे गेंड्या भुंग्याचं माहेरघर. वर्षभरात उभ्या माडांच्या नव्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी तुटून यायला लागल्या. भुंगा रात्री कोंबाच्या घडीत शिरून पोखरतो, पान उघडतं तेव्हा कापलेलं दिसतं. ह्यांनी आकड्याच्या तारेने सात-आठ भुंगे ओढून काढले, नारळ पाडायला येणाऱ्या काकांनी शेंड्यांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड भरली. तरी उभा राहिलेला एक माड आणि दोन लहान कवाथे (माडाची रोपं) गेले. खोडं फोडली तेव्हा आत अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या वळून पडलेल्या. ती खोडं पहिल्याच पावसाळ्यात चिरून जाळायला हवी होती.

आता कवाथ्यांचं. आम्ही काही रोपं विकत आणली, 'प्रताप' जातीची, रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने निवडलेली. पण आईंनी विहिरीवरच्या माडाचे चाळीस नारळ बाजूला काढून ठेवले होते, तेलाला दिले नव्हते. एकेक हलवून, पाणी वाजणारे, मध्यम आकाराचे, गोलसर. महिनाभर सावलीत ठेवून मग वाळूच्या वाफ्यात मांडले. नारळाला तीन डोळे, त्यातला मऊ एकच, कोंब तिथूनच येतो. चाळीसातले एकोणतीस उगवले. आईंनी त्यातले बाराच ठेवले. लवकर उगवलेले, मान जाड असलेले आणि ज्यांची पानं आधी चिरायला लागली ते. बाकीचे गावात वाटले. ज्यांना आशा धरायला काहीतरी हवं होतं त्यांनी ते हसत नेले.

जून २०२१ मध्ये ते बारा लावले. पंचवीस फुटांवर एकेक खड्डा, मीटरभर खोल. तळाला सोडणं उताणी मांडायची, वाटीसारखी, म्हणजे पाणी धरून ठेवतात. ती सोडणं त्याच माडाच्या नारळांची होती, वर्षभर कोपऱ्यात पडलेली. मी मांडत होते आणि आई काठावर खुर्चीत बसून "ती पालथी झाली बघ" असं सांगत होत्या.

विहिरीवरचा माड उचलण्याआधी लेकीने एक काम केलं होतं. माडाची झावळी गळते तिथे खोडावर गोल खूण राहते. महिन्याला एक झावळी, म्हणजे वर्षाला बाराएक खुणा. ती खडू घेऊन बुंध्यापासून मोजत गेली, दर दहाव्या खुणेवर रेघ मारत. बुंध्याजवळच्या खुणा दाट आणि झिजलेल्या, तिथे अंदाज. सहाशेअकरा आल्या. भागून बघितलं तर एक्कावन्न वर्षं निघतात, आणि खोड वर यायच्या आधीची तीन-चार धरली तर १९६६ च्या जवळपास बरोबर. काही ठिकाणी खुणा फार जवळजवळ होत्या. लेकीने विचारलं हे काय. आई म्हणाल्या, "ते बहात्तरचं असेल. विहीर आटली होती." बहात्तरचा दुष्काळ माझ्या माहेरी सगळ्यांच्या तोंडी होता, इथे समुद्रकाठी एका माडाने लिहून ठेवला होता.

त्या बारातले नऊ आज आहेत. बाणवलीला, म्हणजे आमच्या किनाऱ्यावरच्या उंच जातीच्या माडाला, पहिली पोय यायला सहा-सात वर्षं लागतात, अजून आलेली नाही. माकडांनी दोघांची पानं ओरबाडली, एक जरा पिवळा दिसतो आहे, त्याला मीठ आणि शेणखत घातलंय. आई ऐंशीच्या झाल्या. गुडघे दुखतात, पण सकाळी काठी टेकत विहिरीपर्यंत येतात. परवा मला हाक मारली. विहिरीजवळच्या कवाथ्याची खालची वाळलेली झावळी त्यांनी हाताने ओढून काढली होती आणि बुंध्यावरची माती झाडून बोट फिरवत होत्या. खोड जमिनीच्या वर आलंय, वीतभर. त्यांनी माझं बोट धरून एकेका खुणेवर ठेवलं. सात होत्या.